रोटी, बेटी आणि फ्लॅट

मीरा रोडला उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये पाय ठेवायला जागेची टंचाई बाराही महिने असते. खऱ्या धर्माची टंचाई मात्र कधीच नसते. पूर्वेला सृष्टीच्या बाजूला इस्कॉनचे राधा-गिरिधारी मंदिर आहे आणि त्याच भक्तपरिवाराने १९९८ साली सुरू केलेले भक्तिवेदांत हॉस्पिटल आहे. नया नगरात मशिदी आहेत. भाईंदर पश्चिमेला बावन जिनालय आहे. तिथून उत्तनचा रस्ता धरला की डोंगरीपासून पुढे गावोगावी चर्च लागतात. त्यांची मुळे पोर्तुगीज अमलात आहेत. उत्तनलाच संघपरिवारातली केशवसृष्टी आहे. तोच रस्ता पुढे गोराईला गेला की २००९ साली उघडलेला विपश्यनेचा पॅगोडा दिसतो. शिवाय निरंकारी सत्संग, दासबोधाची बैठक, स्वाध्याय, कुणाच्या तरी हॉलमध्ये भरणारी ख्रिस्ती प्रार्थनासभा, हे सगळे वेगळेच. यातल्या बहुतेक ठिकाणी नवख्या माणसाला अत्यंत आपुलकीने एकच गोष्ट सांगितली जाते: वाटा पुष्कळ आहेत, पण नीट पोचवणारी ही.

इतके खरे धर्म एका पिनकोडच्या आसपास नांदत असतील, तर त्यातला खरोखर खरा कोणता हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा. आज तो फारसा पडत नाही, कारण ज्याला त्याला उत्तर जन्मतःच किंवा एखाद्या शिबिरात मिळून गेलेले असते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र मुंबई-पुण्यातली काही माणसे या प्रश्नाने खरोखर बेचैन झाली होती. त्यांनी त्यासाठी जातीतली जागा पणाला लावली, घरच्यांचे बोल ऐकले, मिरवणुकीत दगडमातीही खाल्ली. त्यांच्या शोधाचा हिशेब आज मांडायचा, तर तो मीरा रोडला मांडावा. ज्या मिसळलेल्या समाजाची त्यांनी कल्पना केली, त्या समाजावर एकाच जिन्याने वरखाली करायची पाळी आली ती अशाच गावांत.

हिशेब मांडला की मला दिसते ते असे. एकच खरा धर्म शोधायला निघालेली प्रत्येक चळवळ शेवटी आणखी एक पंथ मागे ठेवून गेली. देवाविषयी त्यांनी दिलेली उत्तरे त्या त्या पंथाच्या चार भिंतींत राहिली. कुणाबरोबर जेवायचे, कुणाशी लग्न करायचे, कुणाला शिकू द्यायचे याबाबत त्यांनी जे बदलले, ते मात्र सगळ्यांचे झाले, त्यांना शिव्या देणाऱ्यांचेसुद्धा. म्हणून धर्मसुधारणेची कसोटी तिच्या तत्त्वज्ञानात शोधण्यात अर्थ नाही. ती रोटीत होती, बेटीत होती आणि आमच्या काळात ती फ्लॅटमध्ये आहे.

सुरुवात पावापासून झाली, हे फार योग्य झाले. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत परमहंस सभा काढली. दादोबा मराठीचे व्याकरणकार. त्याआधी सुरतेला दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभेत त्यांनी भाग घेतला होता. ईश्वर एक आहे, सगळी माणसे एका जातीची आहेत, मूर्तिपूजा खरी नव्हे, असे सभेचे म्हणणे. पण सभासद व्हायला नुसते म्हणणे पुरत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सगळे गुप्तपणे चाले. १८६० मध्ये सभासदांची नावे असलेले कागद चोरीला गेले, नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. एका ईश्वरावर श्रद्धा ठेवल्याबद्दल कुणी कुणाला जातीबाहेर टाकणार नव्हते. तसल्या श्रद्धेची आपल्याकडे कधीच कमतरता नव्हती. भीती होती ती पाव बाहेर पडण्याची.

या सभेच्या राखेतून दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज उभा राहिला. बंगालच्या ब्राह्मो समाजातल्या केशवचंद्र सेनांच्या मुंबईतल्या व्याख्यानांनी वातावरण तापलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर आल्यावर समाजाला वजन आले. यांची वाट साराची होती: सगळ्या धर्मांतले उत्तम ते एक, ते घ्यावे, बाकीचे टरफल सोडून द्यावे. बंगाली ब्राह्मो मंडळी उपनिषदांकडे वळली होती. मुंबईकरांनी तुकोबांचे अभंग प्रार्थनेत आणले आणि त्यामुळे समाजाला मराठी चेहरा मिळाला. पण परमहंस सभेच्या फजितीतून ते एक धडा शिकले होते. पावाची अट त्यांनी काढून टाकली. जात सोडा असे समाज म्हणेना, घरात मूर्ती ठेवू नका असा आग्रह धरीना. रविवारी निराकाराची प्रार्थना करून घरी आलेल्या माणसाला सोमवारी कुळधर्म करता येत होता.

या सोयीची किंमत रानड्यांनीच मोजली. विधवाविवाहाच्या चळवळीतला हा अग्रणी १८७३ मध्ये विधुर झाला आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्या मुलीला त्यांनी शिकवले, तिची रमाबाई रानडे झाली, सेवासदनाचे मोठे काम तिच्या हातून झाले, हे सगळे खरेच आहे. पण ईश्वराविषयी इतके स्पष्ट असलेला माणूस घरातल्या एका निर्णयापाशी अडखळला, हेही तितकेच खरे. पुढे भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला, तेव्हा समाजाच्या शंभर प्रार्थनांपेक्षा त्या एका लग्नाने जास्त बोलणी ओढवली आणि जास्त कामही केले.

याच काळात एक कायदा झाला, त्यात या शोधाची सगळी विसंगती एकवटली आहे. ब्राह्मो मंडळींना आपल्या पद्धतीच्या लग्नांना मान्यता हवी होती. सनातन्यांनी विरोध केला. शेवटी १८७२ चा विशेष विवाह कायदा आला. त्याखाली लग्न करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठल्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. हिंदू धर्म शुद्ध करायला निघालेल्यांना लग्नाच्या दिवशी आपण हिंदू नाही असे सही करून सांगावे लागत होते. सर्व धर्मांचे सार शोधणाऱ्याच्या वाट्याला सरकारदरबारी कुठलाच धर्म उरला नाही.

दुसरी वाट मुळाची होती. काठियावाडातले स्वामी दयानंद म्हणत होते की सार वगैरे गोळा करत बसू नका, मुळाकडे जा. वेदांत सगळे आहे, पुढच्या काळात साचला तो गाळ. १० एप्रिल १८७५ रोजी गिरगावात आर्य समाजाची स्थापना झाली ती एका पारशी डॉक्टरांच्या बागेत, हा तपशील पुढच्या आर्यसमाजी वादविवादांच्या पार्श्वभूमीवर विसरू नये असा आहे. त्याच वर्षी रानड्यांच्या निमंत्रणावरून दयानंद पुण्याला आले आणि त्यांची व्याख्याने झाली. निरोपाची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली. मिरवणुकीच्या रक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन आले होते. वेद अपौरुषेय मानणारा संन्यासी, वेद साफ नाकारणारा माळी समाजातला सत्यशोधक आणि तुकोबांचे अभंग गाणारा न्यायाधीश त्या दिवशी पुण्याच्या रस्त्यावर एका बाजूला होते. तिघांना तीन वेगळी सत्ये सापडली होती. एका बाजूला ते आले, कारण समोरच्यांना माणसाने माणसाचे ऐकूनच घेऊ नये असे वाटत होते.

आर्य समाजाच्या नियमांत सत्य स्वीकारायला आणि असत्य सोडायला सदैव तयार राहावे, असे एक कलम आहे. ते फार मोठे कलम आहे. पण 'सत्यार्थप्रकाश' या ग्रंथाचे शेवटचे चार समुल्लास इतर मतांच्या खंडनाला वाहिलेले आहेत, त्यातले शेवटचे दोन ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांच्या. असत्य सोडायची तयारी दुसऱ्याकडून अपेक्षिली गेली, स्वतःकडून तितकीशी नाही. तरीही या समाजाने मुलींच्या शाळा काढल्या, जन्माऐवजी गुणकर्माने वर्ण मानला, वेद सगळ्यांना खुला केला. १९३७ च्या आर्य विवाह कायद्याने आर्यसमाजींच्या आंतरजातीय विवाहांना मान्यता मिळाली. आज मुंबईच्या उपनगरांतल्या तरुण पोरांना आर्य समाज माहीत आहे तो घरच्यांचा विरोध असताना लग्न लावून देणारी जागा म्हणून. दयानंदांना हे कळले असते तर काय वाटले असते, सांगता येत नाही. पण वेदभाष्य थोड्यांनी वाचले आणि त्या जागेने पुष्कळांचे संसार उभे केले, हा हिशेब स्पष्ट आहे.

आता पुण्याच्या चहाकडे यावे लागते. १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावले आणि समोर चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी हात लावला नाही. नंतर उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांची मने दुखावली. या सगळ्या चौकशीत एक प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही: तुमचा देव कोणता? विचारण्याची गरजच नव्हती. त्या काळच्या हिंदू समाजात माणसाला नास्तिक असण्याची मुभा होती. चहा पिण्याची नव्हती. विचार मोकळा आणि आचार आवळलेला, अशी ती रचना होती. अशा समाजात केवळ विचारांची सुधारणा करणारा सुधारक कुणाच्याच वाटेत येत नाही. म्हणून प्रार्थना समाजाला लोकांनी सहन केले आणि चहाच्या कपावर दोन वर्षे रान पेटवले.

हे प्रकरण गाजत होते त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव फुले वारले. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले होते. ते १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक खरा धर्म शोधण्याच्या आपल्या सगळ्या इतिहासातली सर्वांत धाडसी कल्पना या पुस्तकात आहे आणि ती धर्माविषयी नाहीच, घराविषयी आहे. फुले सांगतात की एका कुटुंबातल्या बाईने वाचून-विचारून बौद्ध धर्म घ्यावा, तिच्या नवऱ्याला पटले तर त्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म पत्करावा. आणि त्या सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावे. फुल्यांचा निर्मिक, म्हणजे निर्माता ईश्वर, एक आहे, सत्य एक आहे, याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नाही. मूर्तिपूजेची, पुरोहितशाहीची त्यांनी केलेली चिरफाड दयानंदांपेक्षा सौम्य नाही. पण सत्य एक आहे म्हणून घरातली माणसे एका धर्माची असली पाहिजेत, ही पुढची उडी ते मारत नाहीत. प्रत्येकाने वाचावे, प्रत्येकाने ठरवावे, आणि ठरवल्यावरही जेवायला एकत्र बसावे. शोध प्रत्येकाचा, घर सगळ्यांचे.

सार आणि मूळ यांच्याहून ही तिसरी वाट निराळी आहे. ती कसोटीची वाट आहे. धर्म किती जुना, किती शुद्ध, किती सर्वसमावेशक, हे ती विचारत नाही. तो मानणारी माणसे शेजारच्या माणसाशी कशी वागतात, एवढेच विचारते. या वाटेवर पुढे जे चालले, त्यांनी धर्माकडे फार व्यवहारी डोळ्यांनी पाहिले. शाहू महाराजांनी फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला आधार दिला आणि आर्य समाजाच्या हातीही शाळा सोपवल्या. वेद मानणारे आणि वेद नाकारणारे एकाच राजाच्या आश्रयाला होते. यात तात्त्विक गोंधळ शोधणाऱ्याने खुशाल शोधावा. महाराजांना पाहिजे होती बहुजनांच्या मुलांसाठी शाळा आणि ब्राह्मण पुरोहिताच्या मक्तेदारीतून सुटका, आणि दोन्ही जे देईल ते त्यांना चालत होते.

डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतराची गोष्ट याच कसोटीची आहे. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्मांची परीक्षा घेतली. शीख धर्माचा विचार केला, सोडला. 'ईश्वर कुठे आहे' हा प्रश्न त्यांच्या परीक्षेत गैरहजर होता. माणसाला समता, स्वातंत्र्य आणि बंधुता कुठे मिळते, हा प्रश्न होता. आणि या वाटेवर त्यांची गाठ सुधारकांशीही पडली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने, ज्याच्या मागे आर्यसमाजी मंडळी होती, १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले. छापलेल्या भाषणात वेदांवर आणि धर्म सोडण्यावर आलेला भाग मंडळाला गाळून हवा होता. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, अधिवेशन बारगळले आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. जात मोडायला निघालेल्या संस्थेला जातीपेक्षा ग्रंथ प्यारा ठरला. मुळाच्या वाटेने जाणाऱ्याला कधी ना कधी हा घाट लागतोच.

आणखी एक वाट होती, ती सत्याची नव्हतीच. ती मोजणीची होती. इंग्रजांनी शिरगणती सुरू केली आणि धर्म म्हणजे रकाना झाला. आपल्या रकान्यातले आकडे वाढले की धर्म वाढला, असे वाटू लागले. शुद्धीची, म्हणजे धर्म बदललेल्यांना परत घेण्याची, कल्पना ज्यांनी मांडली त्यांच्या मनात प्रामाणिक ओढ होती. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातल्या हजारो ख्रिस्ती गावड्यांना परत हिंदू करून घेतले तेव्हाही ती होती. पण परत आलेल्यांची 'नवहिंदू गावडे' अशी वेगळी ओळख पुढे बराच काळ राहिली. धर्मात घेतले, पंगतीत आणि सोयरिकीत घ्यायला दोन्ही बाजूंना जड गेले. आमच्या उत्तनकडच्या धारावी बेटाच्या गावांतही हा इतिहास हाताशी आहे. पोर्तुगिजांच्या काळात उत्तन-डोंगरीकडचे कोळी-आगरी ख्रिस्ती झाले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, राज्य बदलले. तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांची होडी, मासळी, कोळी बोली आणि हळदीतली गाणी बदलली नाहीत. धर्म बदलून माणसाचे किती बदलते आणि किती बदलत नाही, हे पाहायला व्हॅटिकनला किंवा काशीला जायला नको. भाईंदरहून उत्तनची बस पुरते.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो डावलता येत नाही. 'खरा धर्म एक असा आग्रह सोडला की चळवळीत जोर राहत नाही. प्रार्थना समाज सगळ्यांशी जमवून घेत राहिला आणि आज गिरगावातल्या मंदिरापुरता उरला. दयानंद आणि आंबेडकर ठाम होते म्हणून लाखो लोक त्यांच्यामागे गेले.' यातले निरीक्षण बरोबर आहे, निदान चुकीचे आहे. प्रार्थना समाज दुबळा राहिला तो दुसऱ्या धर्मांचा मान ठेवल्यामुळे नव्हे. त्याने स्वतःच्या सभासदांकडून काही मागितले नाही म्हणून. याच समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळ काढले, अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन काम उभे केले, तेव्हा त्याच सौम्य एकेश्वरवादातून केवढा जोर निघाला! आंबेडकरांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा जोरही त्या रोजच्या वागण्यावर हक्क सांगतात यातच आहे. चळवळीला बळ मिळते ते माणसाकडून केलेल्या मागणीतून. 'बाकीचे सगळे खोटे' ही गर्जना त्या बळाची नक्कल करते. तिला आवाज असतो, खर्च नसतो.

'सगळे धर्म सारखेच खरे' ही घोषणाही तितकीच बिनखर्चाची आहे. व्यासपीठावर ती म्हणायची, टाळ्या घ्यायच्या आणि घरी येऊन भाडेकरूचे आडनाव विचारायचे.

तेव्हा कसोटीवर या. रोटीचे काय झाले? ती लढाई सुधारकांनी जिंकली, इतकी पूर्ण जिंकली की ती झाली होती हेच लोक विसरले. १८४९ मध्ये दार लावून खाल्लेला पाव आज मीरा रोडच्या प्रत्येक नाक्यावर वड्याला मिठी मारून बसला आहे आणि तो कुणी भाजला हे कट्टरातला कट्टर माणूस विचारत नाही. बेटीची लढाई अर्धी झाली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारल्याची सही काढून टाकली. हिंदूने हिंदू राहून, मुसलमानाने मुसलमान राहून लग्न करावे, कायद्याची हरकत नाही. हरकत घरच्यांची असते, आणि कायद्यातल्या तीस दिवसांच्या नोटिशीमुळे ती घ्यायला त्यांना वेळही मिळतो. तरी पोरे लग्ने करतात, आणि नातवंड झाल्यावर बऱ्याच घरांची दारे उघडतात.

फ्लॅटची लढाई मात्र सुरूच झालेली नाही. मीरा रोड हे गाव फ्लॅटनेच बनले. मुंबईतल्या चाळी, वन-रूम-किचन सोडून स्वस्तात स्वतःचे घर घ्यायला माणसे मिठागरांच्या काठाला आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून आलेली मुसलमान कुटुंबे नया नगरात आणि आसपास स्थिरावली. २००२ मध्ये महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. सगळे बाहेरून आलेले. कुणाचीच इथे पिढीजात पांढरी नाही, मूळ आगरी-कोळी सोडले तर. जुन्या गावाची वेस, आळी, वाडा असे काही वारशाने मिळालेले नसताना आम्ही ते पुन्हा बांधले, या वेळी ब्रोकरच्या मदतीने. "फॅमिली कुठली? व्हेज ना? सोसायटी अलाऊ करणार नाही हो, मला काही प्रॉब्लेम नाही." हे वाक्य इथे घर शोधणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मुसलमानाला ते एका कारणाने ऐकावे लागते, मासे खाणाऱ्या मराठी माणसाला दुसऱ्या, बौद्धाला आडनाव सांगितल्यावर नुसत्या शांततेतून. आणि हेही नोंदवले पाहिजे की ज्या इमारतींत एकाच धर्माचे लोक आहेत, तिथे दुसऱ्याला नको म्हणणारे सगळ्याच धर्मांचे सापडतात.

गेल्या काही वर्षांत इथे जे घडले ते या नकाशावरच घडले. सप्टेंबर २०१५ मध्ये महापालिकेने पर्युषणाच्या आठ दिवसांसाठी मांसविक्री बंद ठेवायचे ठरवले आणि शहराच्या ताटात कुणाचे पथ्य चालणार यावर राज्यभर वाद पेटला. जून २०२३ मध्ये बकरी ईदच्या आधी एका सोसायटीत बोकड आणल्यावरून रहिवासी खाली जमले, हनुमान चालिसा म्हटली गेली, पोलीस आले. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री, २१ जानेवारी २०२४ ला, नया नगरच्या परिसरात गाड्या अडवून हल्ले झाले, पुढच्या दिवसांत दुकाने निवडून फोडली गेली, मग बुलडोझर आले. यातल्या एकाही प्रसंगात कुणी कुणाशी ईश्वराच्या स्वरूपावर वाद घातला नाही. पंचहौदच्या चहासारखेच आहे हे, फक्त गणित उलटे झाले आहे. तेव्हा आचार आवळलेला होता. आज आचार बराचसा सैल झाला आहे, ओळख आवळली आहे. पाव कुणाचाही चालतो, शेजार चालत नाही.

कायदा इथे काय म्हणतो? तो दोन तोंडांनी बोलतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारले तर दाद मागता येते. दुसरीकडे, अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. म्हणजे ज्या सोसायटीच्या पोटनियमांत तसे काही लिहिलेले नाही, आणि मीरा रोडच्या बहुसंख्य सोसायट्यांचे पोटनियम छापील आदर्श पोटनियमच असतात, तिथे 'सोसायटी अलाऊ करत नाही' याला कागदाचा आधार नसतो. असतो तो फक्त सेक्रेटरीच्या भुवईचा.

या लढाईत एकट्या हिंदू सुधारकांनी उतरावे असेही नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा फुल्यांचा शब्द जाणीवपूर्वक उचलला. मुसलमान बायकांचे तलाकचे दुःख त्यांनी मांडले आणि त्यासाठी आपल्याच माणसांचे शिव्याशाप झेलले. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर वीसेक वर्षांनी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले दोघेही त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. प्रत्येक धर्मात अशी माणसे निघाली, आणि प्रत्येकाने आधी आपल्याच घरात झाडू मारला. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवत फिरणे ही सुधारणा नव्हे, ती करमणूक आहे.

म्हणून आपापल्या खऱ्या धर्माविषयी निःशंक असलेल्या मीरा रोडकरांपुढे एक साधी गोष्ट ठेवतो. तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल तेव्हा विषयपत्रिकेवर एक ठराव घाला: फ्लॅटच्या विक्रीला किंवा भाड्याला धर्म, जात किंवा आहार यांवरून हरकत घेतली जाणार नाही. इस्कॉनच्या भक्ताने मांडावा, मशिदीत जाणाऱ्याने अनुमोदन द्यावे, किंवा उलट. तुमच्या सत्संगाच्या, बैठकीच्या, जमातीच्या, पॅरिशच्या पुढाऱ्यांना त्यावर मत विचारा, आणि कोण काय म्हणतो ते लक्षात ठेवा. ज्या धर्माचा माणूस त्या ठरावाला हात वर करेल, त्याचा धर्म त्या संध्याकाळपुरता तरी खरा आहे. बाकीच्यांनी ईश्वराविषयी कितीही खात्रीने बोलावे. त्यांची परमहंस सभा अजून दार लावूनच चालली आहे.